रद्दचं बटण

"तिवडे, बटण आहे हे कळलं. पण दिसतंय का?"

मगदूम सरांनी हे विचारलं तेव्हा मी त्या कंपनीत अगदीच नवी होते. एक बटण तयार करून, त्याची टेस्ट लिहून, शाबासकीच्या आशेनं त्यांच्या टेबलाशी उभी होते.

"दिसतंय की सर. हे काय समोर."

"तुला दिसतंय. तुझ्या टेस्टला दिसतंय का?"

मी कागलची. आमच्याकडं तोंड आधी चालतं, डोकं मागनं येतं. "डोळे असताना टेस्टला कशाला विचारत बसायचं सर?" असं मी बोलून गेले. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत.

"असणं वेगळं, दिसणं वेगळं," ते म्हणाले. "लिही परत."

आमची कंपनी कोल्हापुरात राजारामपुरीत, एका औषधाच्या दुकानाच्या वर. आम्ही लोकांना वेबसाइटी करून द्यायचो, सगळं काम जावास्क्रिप्टमध्ये. मालक दीपंकर हेर्लेकर सर, आणि त्यांच्या खालोखाल अनंत मगदूम. दोघं सांगलीला कॉलेजात एका खोलीत राहून शिकलेले. पान तयार झालं की त्याची टेस्ट लिहायची, म्हणजे त्या पानाला प्रश्न विचारणारा एक छोटा प्रोग्राम लिहायचा. बटण आहे का? दाबलं की व्हायचं ते होतं का? उत्तर बरोबर आलं की हिरवं, चुकलं की लाल. सगळीकडं एवढ्यावर भागतं. मगदूम सर मात्र प्रत्येक बटणाला, प्रत्येक रकान्याला आणखी एक प्रश्न विचारायला लावायचे. ते पानावर दिसतंय का, की कशानं लपलंय? आम्ही पोरं पाठीमागं त्यांची टर उडवायचो. देव्हाऱ्यातल्या देवाला विचारून जेवणारा माणूस, असं कुणीतरी म्हणालं होतं. कोण ते सांगत नाही, पण ती कागलची होती.

त्यांचं आणखीही काय काय असायचं. स्क्रीनवर अक्षरं एवढी मोठी ठेवायचे की दहा फुटांवरनं वाचावीत. कोपराशी ठेवलेला चहा हमखास सांडायचे. दोनदा माझ्याच कागदांवर सांडला, तेव्हा मी चांगलीच कुरकुर केली. "वेंधळा आहे गं मी," असं म्हणून त्यांनी स्वतः फडकं आणलं होतं.

उन्हाळ्यात एका संध्याकाळी आम्ही दोघं एकदमच घरी निघालो आणि जिन्यात असतानाच वीज गेली. आमचा जिना आतल्या बाजूला, खिडकी नाही. मी आपली भराभर उतरले. खाली आल्यावर लक्षात आलं, मागं पावलं वाजत नाहीत. मोबाइलचा उजेड पाडून बघितलं तर मगदूम सर मधल्या पायरीवर दोन्ही हातांनी कठडा धरून उभे होते. मी उजेड थेट त्यांच्या तोंडावर मारला तरी ते मला सोडून भलतीकडंच बघत होते.

"तिवडे, तू आहेस ना?" ते म्हणाले. "बोलत राहा जरा. तुझ्या आवाजावरनं येतो."

मला बोल म्हटलं की मी बोलते. काय वाटेल ते बडबडत त्यांना खाली आणलं, आणि शेवटच्या पायरीवर त्यांना बसवलं.

"शिवणाच्या रिळाचं भोक असतं ना," ते म्हणाले, "त्यातनं बघावं तसं दिसतं मला. आजूबाजूचं काही नाही. अंधारात तर काहीच नाही. आणि ते भोक बारीक होत चाललंय. आमच्या घराण्यात आहे ते. डॉक्टर म्हणतात, उपाय नाही."

"ऑफिसात माहीत आहे?"

"नाही. आणि तूही सांगायचं नाहीस."

मग त्यांनी सगळं सांगितलं. स्क्रीनवर काय काय आहे ते कानात वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर असतं. डोळ्यांनी न बघणारी माणसं त्यावर कोड लिहितात, भली मोठी कामं करतात. सर घरी तेच शिकत होते. पण नुसतं ऐकत काम करणं म्हणजे चाळिशीत परत बाराखडी गिरवण्यासारखं होतं. वाचणारा बोलतो भरभर, माणूस मागं राहतो.

"दिवाळीपर्यंत होईल," ते म्हणाले. "हात बसला की मीच जाऊन दीपंकरला सांगणार. डोळे गेले, पण हे बघ, काम तेच, तेवढंच. असं सांगायचंय मला. आत्ता कळलं तर नुसतं डोळे गेले एवढंच कळेल. तोवर झाकली मूठ."

तेव्हा मला समजलं, हा माणूस टेस्टला का विचारत होता ते. पान कसं दिसतंय ते त्यांना एका नजरेत कळायचंच नाही. भोकातनं कोपरा न् कोपरा शोधत गेलं तर सापडायचं, पण त्याला वेळ लागायचा, आणि चारचौघांत तसं शोधत बसले असते तर कुणाच्याही ध्यानात आलं असतं. टेस्ट हिरवी झाली म्हणजे दिसतंय. एवढ्या एका गोष्टीवर त्यांचं सगळं उभं होतं. मला माझ्या चेष्टेची लाज वाटली.

त्यानंतर चहा मी त्यांच्या समोर ठेवायला लागले, अगदी नाकासमोर. कुणी नवीन खुर्ची वाटेत आणून ठेवली की उगाच आरडाओरडा करून हलवायला लावायची. ऑफिसात सगळे म्हणायला लागले, तिवडे बाई फारच शेफारली. म्हणू देत. दिवाळी काही लांब नव्हती.

गणपतीच्या आधी शिरगुप्पे यायचे ठरले. ते इचलकरंजीचे, त्यांच्या मुंबई-पुण्याला जाणाऱ्या गाड्या होत्या, आणि तिकिटांची वेबसाइट आम्ही करत होतो. लोक तिकीट काढतात पण रद्द करायला फोन करून डोकं खातात, म्हणून पानावर रद्दचं बटण पाहिजे, असा त्यांचा धोशा होता. ते सगळं पान मगदूम सरांनी एकट्यानं केलेलं. आदल्या दिवशी शिरगुप्प्यांचा फोन आला, गणपतीच्या जादा गाड्यांची जाहिरातही टाका. हेर्लेकर सरांनी स्वतः बसून पानाच्या तळाला एक पिवळी पट्टी टाकून दिली.

सकाळी मगदूम सर आले, टेस्ट चालवल्या. एकेक ओळ हिरवी होत गेली.

मी हळूच विचारलं, "सर, एकदा मी डोळ्याखालनं घालू?"

"कशाला?"

"पट्टी नवीन आहे ना, म्हणून."

"पट्टी आल्यावरच चालवल्यात टेस्ट. सगळं हिरवं आहे." मग जरा थांबून म्हणाले, "प्रणोती, तू रोज बघून देशील, मला माहिताय. पण रोज तुझ्याकडनं बघून घ्यायचं असेल तर मग मी काय शिकलो?"

त्यांनी मला नावानं हाक मारली ती तेव्हाच. मी पान उघडून बघितलं नाही. त्यांचं बरोबरच होतं. टेस्टवर कुणाचा भरवसा नव्हता असं थोडंच होतं? हिरवं म्हणजे झालं, असंच आम्ही सगळे मानत होतो.

शिरगुप्पे आले, खुर्चीत ऐसपैस बसले. हेर्लेकर सर त्यांच्या शेजारी, मी दाराशी. दिवे मालवून भिंतीवर प्रोजेक्टरनं पान पाडलं होतं. मगदूम सरांनी माउसला हात लावला नाही, सगळं कीबोर्डवरनं चाललं होतं. तिकीट काढलं, सीट निवडली, नाव घातलं. बोलत होते झकास. शिरगुप्पे माना डोलवत होते आणि मला वाटलं, निभावलं.

"आणि आता तुमचं लाडकं बटण," असं म्हणत सर उठले. टेबलाच्या कडेनं भिंतीपाशी गेले आणि पानाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यावर त्यांनी तळहात ठेवला. "हे बघा. लाल रंगाचं. तिकीट रद्द करा."

त्यांच्या हाताच्या पाठीवर पिवळा उजेड पडला होता आणि बोटांवरनं 'गणपती स्पेशल' अशी अक्षरं गेली होती. लाल काही नव्हतं. बटण पट्टीच्या खाली गेलं होतं.

"कुठं वो?" शिरगुप्प्यांनी विचारलं.

"हे काय. इथं, माझ्या हाताखाली."

शिरगुप्पे हसले. त्यांना वाटलं, चेष्टा चाललीय. "मगदूम, तिथं आमच्या गणपतीच्या गाड्या हायत न्हवं."

सरांचा हात तसाच राहिला. त्यांनी तोंड दाराच्या दिशेला केलं. मी तिथं उभी आहे हे त्यांना ठाऊक होतं.

"प्रोजेक्टरचा घोळ आहे," मी म्हणाले. "खालचं कापलं जातंय. लॅपटॉपवर दिसतंय व्यवस्थित."

"लॅपटॉप माझ्याच म्होरं हाय की बाई," शिरगुप्पे म्हणाले. "कुठं दिसालंय?"

मग हेर्लेकर सर बोलले, अगदी हळू. "अनंता, तुझा हात पिवळ्या पट्टीवर आहे. तुला पट्टी दिसत नाही?"

मगदूम सरांनी हात काढला. टेबलाची कड चाचपत ते परत लॅपटॉपशी आले. आता चाचपणं लपवायची त्यांनी खटपट केली नाही. त्यांनी एक कळ दाबली, मग दुसरी. भिंतीवर अक्षरं आली, आपलं तिकीट रद्द झालं आहे.

"बटण आहे," ते म्हणाले. "चालतंय. पट्टी वर आलीय, ती उद्या सरकवतो."

"चालतंय न्हवं? मग झालं तर," असं म्हणून शिरगुप्पे उठले. त्यांचं समाधान झालं होतं. कामाचं काहीच बिघडलं नव्हतं, खरं सांगते. पट्टी कोडच्या दोन ओळींत सरकली असती.

ते गेल्यावर हेर्लेकर सरांनी दार लावून घेतलं. मला जा म्हणाले नाहीत, म्हणून मी तिथंच राहिले.

"कधीपासनं?"

"झाली काही वर्षं."

"हिला माहीत होतं?"

"तिला जिन्यात कळलं."

"आणि मला नाही सांगितलंस? एका ताटात जेवलोय आपण अनंता."

"तुलाच सांगायचं नव्हतं."

"का?"

"तू फार चांगला माणूस आहेस म्हणून," मगदूम सर म्हणाले.

हेर्लेकर सरांना ते कळलं नाही. मलाही नाही कळलं तेव्हा. ते उठून मित्राच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आता तू कशाचा ताण घ्यायचा नाहीस. काम पोरं बघतील. तू नुसता येऊन बस. तुझ्या पगाराला मी हात लावणार नाही, आईशप्पथ सांगतो." आणि ते मनापासून बोलत होते.

दुसऱ्या दिवशी मी त्या टेस्टच्या मागं लागले. तिनं हिरवं दाखवलंच कसं, या विचारानं माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. दुपारपर्यंत कळलं, आणि कळल्यावर जिन्यात जाऊन सरांशेजारी बसले. त्या दिवशी ते डबा घेऊन तिथं बसले होते.

"सर, आपल्या टेस्ट ज्या ब्राउझरमध्ये चालतात ना, तो खरा ब्राउझर नसतो. त्याला स्क्रीनच नाही. तो पान नुसतं मनातल्या मनात मांडतो. कुठली वस्तू किती मोठी, कुठली कुणाच्या वर आली, त्याला काही कळत नाही. बटणाला कुणी 'लप' म्हणून सांगितलंय का, तेवढंच तो बघतो. तसं कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून म्हणाला दिसतंय."

सरांनी हातातली भाकरी डब्यात ठेवली.

"म्हणजे त्यालाही दिसत नव्हतं," ते म्हणाले.

"नाही सर."

"आणि मी त्याला विचारत होतो." ते हसले, पण ते हसू मला बघवलं नाही. मी रडायला लागले. त्यांनी मला रडू दिलं. मग आपणहून शिरोळच्या थोरल्या भावाचं सांगितलं. भूपालअण्णांची पिठाची गिरणी होती, आणि त्यांचे डोळे असेच गेले. "गिरणी आवाजावर चालवता येते गं. जातं कधी तापलं ते कानाला कळतं, पीठ बारीक की जाड ते बोटाला. अण्णा म्हणत होता, मला करू द्या. पण सगळी भली माणसं. कुणी त्याला पट्ट्याजवळ जाऊ दिलं नाही. लागेल म्हणाले, बस म्हणाले. तो बसला तो बसलाच. हात धडधाकट असलेला माणूस." डबा बंद करून ते म्हणाले, "दिवाळी अजून आहे."

पण ऑफिसात भली माणसं सुरू झाली होती. सर उठले की दोघं धावत येऊन दंड धरायचे. त्यांच्या नावावर आलेलं काम सकाळी यावं आणि दुपारपर्यंत दुसऱ्या कुणीतरी गुपचूप उरकून टाकावं. त्यांच्या टेबलाजवळ आवाज खाली यायचे, आजारी माणसाच्या खोलीत येतात तसे. चहावाला मला विचारायला लागला, सर घेणार का. एकटे शिरगुप्पे तेवढे फोनवर ओरडायचे, "मगदूम, आंधळं झालाय म्हणं तुम्ही? बरं मग आमची पट्टी कुणी सरकवायची?" आणि सर म्हणायचे, "मीच. झाली का बघा." त्या फोननंतर त्यांचा चेहरा घटकाभर पूर्वीसारखा दिसायचा. कान धरून सांगावंसं वाटायचं मला सगळ्यांना, की त्या उर्मट माणसाकडनं शिका जरा.

दिवाळीनंतर मगदूम सर कामावर आले नाहीत. लोक अजून म्हणतात, डोळ्यांमुळं गेले. त्याला बरीच वर्षं झाली, मी आता पुण्यात आहे, तरी कुणी असं म्हटलं की मला राग येतो. डोळ्यांमुळं नाही गेले. वसुबारसेला काय झालं ते मी बघितलंय.

त्या दिवशी सकाळी ऑफिसात येऊन सरांनी स्क्रीन बंद केली. पूर्ण काळी. एका कानात इयरफोन घातला आणि शिरगुप्प्यांच्या परतीच्या तिकिटांचं पान लिहायला घेतलं. ते काम कुणाच्या नावावर गेलं नव्हतं, मीच दडवून ठेवलं होतं त्यांच्यासाठी. मी शेजारी बसले होते, पण बोलले नाही. बोटं चालत होती, मध्येच थांबायची, मान जरा कलायची, परत चालायची. पूर्वीपेक्षा हळू, पण अडखळत नव्हती. जेवायलाही उठले नाहीत. दुपार कलल्यावर म्हणाले, "तिवडे, खऱ्या ब्राउझरमध्ये उघड. आणि खोटं बोलू नकोस."

मी उघडलं. खऱ्या पानावर बटणाची जागा आणि मापं घेऊन, त्याच्यावर काही आलंय का हे बघणारी नवी टेस्ट मी मधल्या दिवसांत केली होती, तीही चालवली. मग डोळ्यांनी बघितलं, वरपासून खालपर्यंत. कुठं काही झाकलं नव्हतं, काही वाकडं नव्हतं.

"सगळं दिसतंय सर," मी म्हणाले. "देवाशप्पथ."

त्यांनी इयरफोन काढला. सदरा नीट केला. "दीपंकरला बोलाव," म्हणाले. मला त्यांचा एवढा अभिमान वाटला की मी धावतच गेले.

हेर्लेकर सर आले. मी त्यांना काळी स्क्रीन दाखवली, मग माझ्या लॅपटॉपवरचं पान दाखवलं. ते वाकून बघत राहिले. एकेक बटण दाबून बघितलं.

"हे यानं केलं?" त्यांनी मला विचारलं.

"हो सर. एकट्यांनी. नुसतं ऐकून."

"तू बसली होतीस ना शेजारी?"

"बसले होते. हात लावला नाही."

त्यांनी पान परत वरपासून बघितलं आणि मोठा श्वास सोडला. "सुंदर आहे," ते म्हणाले. "पण त्याला सांग, एवढा जीव काढायची काही गरज नाही आता. वहिनी मला काय म्हणतील? सांग त्याला, सणाचं घरी जा, आराम कर."

मगदूम सर उभे राहिले. त्यांच्या मित्राचा आवाज जिथून येत होता, बरोबर तिकडं तोंड करून उभे राहिले.

"दीपंकर, मी इथंच आहे," ते म्हणाले. "जे काय असेल ते मला सांग."

हेर्लेकर सरांचे डोळे भरून आले. ते माझ्याकडं वळले.

"प्रणोती," ते म्हणाले, "त्याला जरा पाणी आणून दे."